आसगावच्या तलावाचे तीन उन्हाळे

पवनी, १९ जानेवारी २०२५

बाबा,

फोन तुम्ही घेत नाही, म्हणून कागदावर लिहिते. आई म्हणाली, "कागद फेकत नाई तुह्ये बाबा. वाचलं म्हणून सांगनार नाईत, पन वाचतीन." तेवढ्या भरवशावर बसले आहे. उत्तर नाही आलं तरी चालेल.

तलाठ्याच्या नोकरीवर मी रुजू झाले नाही, त्याबद्दल या पत्रात मला काही म्हणायचं नाही. पण मी आणि मेघा पवनीत काय करतो, ते तुम्हाला लोकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत असणार. दोन पोट्ट्या खेळण्यातलं विमान उडवतात, असं लोक म्हणतात, तेही मला माहीत आहे. म्हणून एकदा नीट सांगते.

मेघा डिप्लोमाला माझ्यासोबत होती, ती ड्रोन उडवते. उन्हाळ्यात तलाव आटले की त्यांच्यावरून ती ड्रोन ओळीनं फिरवते, बांधीत नांगर फिरतो तसा. खाली हजारो फोटो निघतात. ते मी संगणकात जोडते, आणि त्यातून तलावाचा असा नकाशा बनतो की कुठे खोल, कुठे उथळ, गाळ कुठे किती साचला, सगळं मोजता येतं. तालुक्यातल्या तलावांचा गाळ काढणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आहे. आपल्या आसगावचा तलावही त्यात आहे. तिथे मेघा जाते. मी आजवर गेले नाही.

आता अडचण सांगते. सगळे फोटो आम्ही खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये भरून लोखंडी पेटीत ठेवत आलो. दिवाळीनंतर त्यातली एक डिस्क उघडलीच नाही. आतून नुसता टकटक आवाज यायचा. अड्याळकडच्या एका तलावाचा अख्खा उन्हाळा तिच्यात होता, तो गेला. मी दोन दिवस नीट जेवले नाही, हे आईला सांगू नका.

म्हणून खरा सर्व्हर घ्यायचा ठरवलं आहे. सर्व्हर म्हणजे सतत चालू राहणारा, जड काम झेपणारा संगणक. आणि सोबत फोटो साठवायची वेगळी पेटी. बसस्टँडजवळ हिरालालभाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "एक भारी कॉम्प्युटर घ्या मॅडम, त्यात एक मोठ्ठी डिस्क टाका. इतकं डोकं कायले लावता?"

मेघाला पटलं. मला पटलं नाही. मी वाचत बसले, आणि बाबा, वाचता वाचता थक्क झाले. तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्ये चकत्या इतक्या वेगानं फिरतात आणि वाचणारी सुई त्यांच्यापासून इतकी जवळून तरंगते, की धुराचा कणसुद्धा मध्ये मावत नाही. अशा एका डिस्कमध्ये आपल्या तालुक्यातले सगळे तलाव मावून जागा उरते. आणि ती पडली तर सगळं एका क्षणात संपतं. हे माणसानं बनवलं आहे, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

दामिनी


पवनी, २३ फेब्रुवारी

बाबा,

आई म्हणाली, पत्र तुम्ही सदऱ्याच्या खिशात ठेवून बांधीवर घेऊन गेलात. पुढचं काही तिला माहीत नाही. मी पुढचं लिहिते.

आम्ही दोघी नागपूरला जाऊन आलो. तिथे एका कंपनीत अशी यंत्रं ठेवायची खोली आहे, ती बघायला मिळाली. दार उघडताच एकदम थंड हवा अंगावर आली, आणि मळणी चालू असावी तसा आवाज. कपाटांमागे कपाटं, त्यात बारीक हिरवे दिवे लुकलुकत होते. ती खोली सांभाळणाऱ्या सुशीलाबाई म्हणून आहेत, पन्नाशीच्या. त्यांनी एका कपाटावर हात ठेवून सांगितलं, यात दवाखान्यांचे एक्स-रे आहेत, लाखो माणसांच्या हाडांचे. मेघा माझ्या कानात म्हणाली, "देवळात आल्यासारखं वाटून राहिलं." मला हसू आलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

विकणाऱ्या माणसानं आम्हाला तसलंच कपाट घ्या म्हणून गळ घातली. सुशीलाबाईंनी आम्हाला बाजूला नेलं. म्हणाल्या, "कपाट नंतर बघा. आधी हे ठरवा, काय गेलं तर तुम्ही रडाल. मग हे ठरवा की ते गेलंच तर किती दिवस थांबू शकता. यंत्र त्यानंतर आपोआप ठरतं."

परतीच्या बसमध्ये आमचं त्यावरूनच वाजलं. मेघाचं म्हणणं, नकाशा बनवून संस्थेला दिला की कच्चे फोटो पुसून टाकायचे. ड्रोननं जसे काढले तसे, न जोडलेले, त्यांना आम्ही कच्चे म्हणतो. "कोणी मागत नाई ते. निम्मीच जागा लागंन. लहान पेटीत भागंन आपलं."

मी म्हटलं, "नकाशा म्हणजे आपण आज काढलेला अर्थ आहे. उद्या आपल्याला जास्त समजलं, तर परत बघायचं कशात?"

"अन् नाई समजलं तं?"

भिवापूरला तिनं खिडकीतून दोन चहा घेतले. मग म्हणाली, "ठीक आहे. ठेवू. पन जागा पुरली नाई तं मी बोलीन."

त्यामुळे यंत्र ठरलं. कपाटातलं नाही, उभं, जमिनीवर ठेवायचं. कपाटातलं फार आवाज करतं आणि त्याला तशीच थंड खोली लागते. आमच्या यंत्राची मेमरी महाग जातीची आहे. मोजताना एखादा आकडा चुकून उलटा पडला, तर ती स्वतःच ओळखून दुरुस्त करते. फोटो ठेवायची पेटी वेगळी, सहा डिस्कची. त्यातल्या कोणत्याही दोन मेल्या तरी एकही फोटो जाणार नाही. आणि एवढं करूनही एक प्रत पवनीच्या बाहेर ठेवायची, कारण इथे वैनगंगा वर आली की काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. ती अड्याळला मेघाच्या मावशीकडे राहील.

खोलीचा प्रश्न राहिला आहे. यंत्राजवळ कूलर चालत नाही. ओली हवा त्याला आतून खाते. आपल्या भागात कूलरशिवाय मे महिना कसा काढायचा, हे नागपूरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, एसी. जणू वीज कधी जातच नाही.

दामिनी


पवनी, २७ एप्रिल

बाबा,

यंत्र आलं. मेघाच्या काकांची धान ठेवायची जुनी कोठी आहे, जाड भिंतींची, तिथे बसवलं. आधी उंदरांची बिळं बुजवली. कोंड्याची धूळ इतकी होती की भिंती तीनदा पुसल्या, चुना मारला, खिडकीला गाळणीचं कापड लावलं. लहान एसी आहे, आणि वीज गेली तर यंत्र सांभाळून बंद होईल एवढी बॅटरी. हिरालालभाऊ स्वतः जोडायला आले. आम्ही त्यांचं ऐकलं नाही याचा त्यांना राग नव्हता. डिस्क बसवताना म्हणाले, "पवनीत असलं मी पयल्यांदा लावून राहिलो. हळू धरा बरं, माह्याच हाताले घाम आला."

शिमगा झाल्यावर मेघानं आसगावचा तलाव यंदाचा उडवला होता. तेच काम पहिलं टाकलं. जुन्या संगणकाला आठवडा लागायचा आणि मध्येच तो बंद पडायचा. इथे सकाळी सुरू केलं आणि मी भाकरी खाऊन आले तर पडद्यावर तलाव उभा होता.

बाबा, मी त्या तलावात पोहायला शिकले. त्याच्या पाळीवरून शाळेत गेले. मला वाटायचं, मला तो माहीत आहे. पडद्यावर त्यातलं पाणी नव्हतं, गाळाचा तळ होता, आणि त्या तळातून एक नाला वळत वळत आला होता. तलाव नव्हता तेव्हाचा नाला. इतक्या पिढ्या पाण्याखाली राहून त्याची वाट पुसली नाही. दोन्ही बाजूंच्या टेकड्या जिथे एकमेकींच्या सर्वात जवळ येतात, नेमकी तिथेच पाणी अडवायला मातीची पाळ घातली आहे. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. आणि सांडवा अशा जागी की जास्तीचं पाणी पाळीला न शिवता निघून जावं.

ज्यांनी हे बांधलं, त्यांनी हा तलाव वरून कधीच पाहिला नाही. त्यांच्याकडे पाय होते आणि डोळे. मी एवढं यंत्र आणून जे पाहिलं, ते त्यांना आधीच दिसलं होतं. मेघा आली तेव्हा मी नुसती पडद्यासमोर बसले होते. ती विचारत होती, "काहून, बिघडलं काय?" मी म्हटलं, बस, तूही बघ.

तुम्हाला हे दाखवावं असं फार वाटलं. एवढंच.

दामिनी


पवनी, १८ मे

बाबा,

ऊन तुमच्याकडेही असंच असणार. आईला दुपारी बांधीवर पाठवू नका.

गेल्या आठवड्यात एक डिस्क मेली. नवीकोरी. पेटीवरचा एक दिवा नारिंगी झाला आणि बारीक शिट्टी वाजू लागली. मी सांगितलं होतं ना, दोन मेल्या तरी चालतं. पण कागदावर वाचणं वेगळं आणि समोर दिवा पेटणं वेगळं. मी तशीच हिरालालभाऊंच्या दुकानात गेले.

हे कसं चालतं ते सांगते, तुम्हाला लगेच समजेल. समजा तीन बांध्यांचं धान मिळून किती झालं ते तुम्हाला माहीत आहे. आता एका बांधीचं किती निघालं ते विसरलात. बाकी दोन बांध्यांचं आठवत असेल, तर विसरलेल्या बांधीचं काढता येतं. पेटी हेच करते. फोटोंसोबत ती असे बेरजेसारखे आकडे सगळ्या डिस्कवर वाटून ठेवते. एक डिस्क मेली की नवी लावायची. मग उरलेल्या डिस्क आपापलं पुढे करतात आणि मेलेलीवर जे होतं ते नव्या डिस्कवर पुन्हा मांडतात, एकेक आकडा.

हिरालालभाऊंनी नवी डिस्क आणून लावली. काम सुरू झालं आणि त्याच दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, बॅटरी फार वेळ पुरणारी नव्हती. शिवाय दुसऱ्या एका डिस्कनं गरम होतंय असा इशारा दिला. तीही गेली असती, तर पुढे आधार उरला नसता. अड्याळची प्रत होती, पण ती यंदाच्या कामाआधीची. नवी प्रत न्यायचं मी पुढे ढकललं होतं.

हिरालालभाऊ मोटारसायकलवर गेले आणि मंडपवाल्याचं जनरेटर घेऊन आले. दोन लग्नांच्या मधली एक दुपार आणि एक सकाळ त्यानं दिली. नवरदेवाच्या वरातीतलं जनरेटर आमच्या कोठीबाहेर धडधडत होतं आणि आत आम्ही तिघं टक्क्यांचा आकडा बघत होतो. तो इतका सावकाश सरकायचा की मेघा म्हणाली, "याच्याकडे पाहूच नको, पाहिलं की थांबते तो."

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा झाला. मी एक फोटो उघडला. गाळावर एक बगळा, शेजारी त्याची सावली, सावलीच्या कडेला चिखलात उमटलेली नखं. त्याचा काही भाग त्या मेलेल्या डिस्कवर होता. तो भाग कोणी तिच्यातून वाचून आणला नव्हता. बाकीच्यांनी तो पुन्हा घडवला, आणि एका नखाचाही फरक नव्हता. हिरालालभाऊंनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. इतकी वर्षं ते हे विकत आले आहेत. म्हणाले, "सांगत होतो लोकायले. पाहिलं आज."

मेलेली डिस्क मी टाकली नाही. अड्याळची प्रत मात्र त्याच दिवशी केली.

दामिनी


पवनी, २ जून

बाबा,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. मेघा हातात देईल. सोबत नकाशा आहे. आधी तो बघा.

नवं यंत्र आहे, वेळ आहे, म्हणून मी आसगावचे तिन्ही उन्हाळे परत कच्च्या फोटोंपासून एकाच रीतीनं जोडले, आणि एकावर एक ठेवले. जुने नकाशे वेगवेगळ्या रीतीनं बनले होते, त्यांच्यात बारीक फरक कळला नसता. सगळा तलाव तंतोतंत जुळला. पाळ एका ठिकाणी जुळत नाही.

मोहाच्या झाडाच्या खाली, सांडव्याकडे जाताना, आठ-दहा पावलांची जागा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या नकाशांत तिथे बोटभर फरक होता. यंदा पाळ वीतभर बसली आहे. डोळ्यांना दिसणार नाही, वर गवत आहे. मी चार वेळा तपासलं. मेघानं वेगळं करून तपासलं. चूक असावी असं मलाही वाटत होतं. नाही आहे.

आत पोकळ झालं असावं असं मला वाटतं. का, ते मला इथून सांगता येत नाही. पाणी भरलं तर खालच्या सगळ्या बांध्या आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं त्या पाण्यासमोर आहेत.

संस्थेला कळवलं आहे, ते पंधरा दिवसांत माणूस पाठवतो म्हणाले. तोवर पाऊस येईल. पाणी वापर संस्थेचे तुलारामकाका माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील.

माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. लोखंडी सब्बल घेऊन जा आणि त्या जागी जमिनीत घालून बघा.

दामिनी


पवनी, ७ सप्टेंबर

बाबा,

मेघानं आणि आईनं मला सगळं सांगितलं, तरी तुमच्याकडून ऐकायला आवडलं असतं. तुम्ही नकाशा दोनदा उलटा-सुलटा केलात म्हणे, मग सब्बल उचलून निघालात. मेघा मागे. मोहाखाली तुम्ही एकदा घातली, दुसऱ्यांदा घातली, आणि तिसऱ्यांदा ती अख्खी आत गेली, हात निसटला. तुम्ही तिथेच खाली बसलात. मेघा घाबरली, तिला वाटलं चक्कर आली. तुम्ही म्हणालात, "बस पोरी. जरा बसू दे." फार वर्षांपूर्वी तोडलेल्या एका झाडाचं मूळ आत सडून बीळ पडलं होतं, हे नंतर कळलं.

तुलारामकाका आधी म्हणाले होते, "ते पोट्टी कॉम्प्युटरवर पाहून सांगते, अन् आपन पाळ खोदाची?" तुम्ही त्यांचा हात धरून त्या भोकात घातलात. मग सारं गाव आलं. पाळ खोदून, काळी माती तुडवून परत भरलीत, पाऊस लागायच्या आधी.

ऑगस्टमध्ये तलाव भरला, सांडव्यावरून पाणी गेलं. आईनं फोनवर तो आवाज ऐकवला. पाळ जागची हलली नाही. खालच्या धानाच्या रोवण्या उभ्या आहेत.

आता मुद्द्याचं लिहिते. संस्थेला अहवालात त्या जागेचे जुने फोटो हवे होते. म्हणून परवा मी कच्चे फोटो पहिल्यांदा एकेक करून पाहायला बसले. एरवी ते कोणी बघत नाही, यंत्रच बघतं. आणि नकाशा जोडताना जे जे हलतं, ते यंत्र पुसून टाकतं. गाय, सायकल, माणूस. दहा फोटोंत जागा रिकामी आणि दोन फोटोंत माणूस असेल, तर ते रिकामी जागा खरी धरतं. म्हणून आमच्या नकाशात तलावावर कधीच कोणी नसतं.

पाळीचे फोटो मेघा कॅमेरा तिरका करून, जरा खालून घेते. यंदाच्या फोटोंत मोहाच्या पुढे एक माणूस उभा आहे. खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांवर आडवा हात, मान वर. मी फोटो मोठा केला. तुम्ही होतात.

मी मागच्या वर्षीचे उघडले. त्यात तुम्ही होतात. त्याच्या आदल्या वर्षीचे उघडले. तो आमचा पहिला उन्हाळा, तेव्हा मी घरून निघून वर्षही झालं नव्हतं. त्यातही तुम्ही होतात. वर तोंड करून, ड्रोन येतो तिकडे बघत, तो गेला तिकडे वळून. एका फोटोत तुमचं तोंड उघडं आहे, बाबा. लहान मूल बघतं तसं. तुम्हाला असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

मेघाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. दरवर्षी येतेत काका. सांगू नको म्हणाले, म्हणून नाई सांगितलं."

"काही बोलायचे?"

ती पडद्याजवळ वाकली. म्हणाली, "पयल्या वर्षी विचारलं, आता दामू पाहून राहिली काय याच्यातून. मी म्हटलं, नाई काका, आत्ता नाई दिसत तिले. फोटो घरी नेल्यावर दिसंन तिले. तं म्हणाले, मंग चालते. अन् थांबले तिथेच, ड्रोन खाली येईपर्यंत."

बाबा, तीन वर्षं ते फोटो माझ्या हाताखालून जात होते आणि मी उघडून पाहिले नाहीत.

आता पाहिले. तिन्ही उन्हाळ्यांतले तुम्ही मला दिसलात.

येत्या रविवारी मी आसगावला येते आहे. आईला फक्त जेवणाचं सांगा.

तुमची दामू